वाघरीच्या तोंडाशी

धुळाशी मी खोटं बोलले तेव्हा माझा आवाज जरासुद्धा हलला नाही. चौतीस वर्षं वर्गात उभं राहिलं की आवाजाला तशी सवय होते. समोरच्याच्या डोळ्यांत बघून सांगायचं, म्हणजे ते खरंच वाटतं.

मंद्रूपच्या बाहेर, ज्वारी काढलेल्या एका रानात त्याचा तळ पडला होता. दीडशे मेंढ्या, एक घोडी, दोन कुत्री, बायको आणि मायाक्का ही चौदा वर्षांची मुलगी. आमच्याकडे शेतकरी धनगरांना मेंढ्या बसवायला बोलावतात. दोन-तीन रात्री कळप रानात बसला की लेंड्यांचं खत होतं, धनगराला धान्य मिळतं, आणि तळ पुढच्या रानात हलतो. तळ गावाजवळ असला की मायाक्का शाळेत यायची. लांब गेला की शाळा बंद. गेल्या वर्षी ती चार महिने शाळेत नव्हती, आणि पुढच्या दिवाळीनंतर तिला कायमचंच कळपामागे न्यायचं असं धुळाच्या बायकोनं मला सांगून टाकलं होतं.

धुळा माझाच विद्यार्थी, दुसरीपर्यंतचा. स्वतःचं नाव लिहायला शिकला आणि मेंढ्यांमागे गेला.

त्या संध्याकाळी मी एकटी नव्हते. बरोबर मारित होती आणि नववीतली पिंकी. मारित नॉर्वेची, तेवीस वर्षांची. सोलापूरच्या एका संस्थेनं तिला खेड्यातल्या मुलींना फुटबॉल शिकवायला चार महिन्यांसाठी बोलावलं होतं आणि राहायला माझ्या घरी ठेवलं होतं. पहिल्या आठवड्यात बाजारामागच्या मैदानावर खेळायला दोन मुली आणि बघायला निम्मं गाव. मग मी घरोघर गेले. "बाई सांगताहेत म्हणजे काही वावगं नसणार," असं म्हणत आयांनी मुली पाठवल्या. माझ्या शब्दाला गावात तेवढी किंमत होती. सातबारा असो, कोर्टाची नोटीस असो की दवाखान्याचा कागद, लोक माझ्या ओट्यावर आणून देत आणि मी वाचून सांगेन ते खरं धरून घरी जात.

मायाक्काला कुणी बोलावलं नव्हतं. ती मैदानाच्या कडेनं मेंढ्या घेऊन चालली होती आणि बॉल कळपाकडे गेला. मेंढ्या बुजायच्या आत तिनं झेप घेऊन तो पोटाशी धरला. मारितनं तिला तशीच नेऊन गोलमध्ये उभी केली. मायाक्कानं मागच्या जाळीला हात लावून बघितला आणि हसली.

"बाई, ही तर वाघर की!"

वाघर म्हणजे रात्री मेंढ्या कोंडायची जाळी. मेंढ्या आत घेताना धनगराचं एक माणूस वाघरीच्या तोंडाशी उभं राहतं, आणि शेवटची मेंढी आत येईपर्यंत तिथून हलत नाही. मायाक्का सात वर्षांची असल्यापासून तिथं उभी राहत होती. तिची नजर एका मेंढीवर ठरायची नाही, सगळ्या कळपावर फिरत राहायची. बॉल कुणाकडे आहे यापेक्षा कोण मोकळं सुटलंय ते तिला आधी दिसायचं. मारित स्वतः मेंढ्या पाळणाऱ्याच घरातली. ती मला म्हणाली, हे मी कुणालाच शिकवू शकले नसते.

रविवारी सोलापुरात चार गावांच्या, सात-सात मुलींच्या संघांचे सामने होते. एका निवासी क्रीडाशाळेचे सर येणार होते आणि दोन मुली निवडणार होते. राहणं, खाणं, बारावीपर्यंत शिक्षण, सगळं तिथंच. मायाक्काला शाळेत टिकायचं असेल तर हा एकच रस्ता मला दिसत होता.

"रविवारी व्हय?" धुळा म्हणाला. मी अजून कशासाठी ते सांगितलंही नव्हतं. "रविवारी मुक्काम हलवायचाय बाई. श्रीशैल पाटलाला तीन रात्रीचा शब्द दिलाय. आन ही पोरगी म्होरं चालल्याबिगर आमची मेंढरं पाऊल उचलत न्हाईत. लई लाडावल्यात."

तो हसत होता. मारितनं मला इंग्रजीत विचारलं, काय म्हणतात? मी तिला हातानंच थांबवलं. मला वाटलं, आता खेळाचं नाव काढलं की संपलं.

"परीक्षा आहे धुळा," मी म्हणाले. "शिष्यवृत्तीची. सोलापुरात."

त्याचं हसू गेलं. डोक्याचा पटका त्यानं उगाच सारखा केला.

"परीक्षा हाय? मग जाऊ द्या की. परीक्षंला आडवं कोन येतंय? श्रीशैलला सांगतो, आमी सोमवारी येतो."

मायाक्का एका कोकराचा पाय धरून बसली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग खाली मान घालून कोकराच्या खुरातला काटा शोधायला लागली. हो म्हणाले का, मारितनं विचारलं. मी हो म्हणाले. तिनं आनंदानं धुळाला वाकून नमस्कार केला. तो इतका गडबडला की त्यानंही तिला वाकून नमस्कार केला.

परत येताना मारित म्हणाली, निवड झाली तर पालकांची सही लागेल. मी म्हणाले, मी बघते.

पिंकी माझ्या बाजूनं चालत होती. "बाई, तुम्ही तर..."

"गप्प बस."

पण त्या रात्री मला झोप आली नाही, कारण हे सगळं मी आधी एकदा पाहिलेलं होतं. आम्ही मोडनिंबला होतो तेव्हाची गोष्ट, साठ वर्षं होत आली. मी खो-खो खेळायची. मोठ्या गावाला सामने होते, आणि माझ्या आत्यानं वडिलांना सांगितलं की मथुरेचा, म्हणजे माझा, शिवणाचा वर्ग आहे. दुपारी वडील मैदानावर आले. माझी कात्री घरी राहिली होती, ती द्यायला ते शिवणाचा वर्ग शोधत फिरले होते. ते रागावले नाहीत. कात्री माझ्या हातात दिली आणि गेले. पण त्यानंतर लग्न होईपर्यंत मी देवळात जाते म्हटलं तरी ते कुणाला तरी मागं पाठवत. खेळ सुटला त्याचं दुःख दोन वर्षांत विरलं. ते दुसरं अजून विरलेलं नाही. एवढं माहीत असून मी धुळाला परीक्षा सांगितली.

शनिवारी श्रीशैल पाटील रस्त्यात भेटले. "धुळानं दगा दिला की बाई. ऐन वेळी सोमवारी येतो म्हणाला. मी काय रान रिकामं ठेवू? दुसऱ्याच्या मेंढ्या बोलावल्या." मी पदर डोक्यावर ओढून पुढं गेले.

रविवारी आम्ही वडापच्या जीपनं सोलापूरला पोचलो तेव्हा ऊन चढायला लागलं होतं. आमचा सामना साडेदहाला. हातमोजे घालताना मायाक्कानं हळूच विचारलं, "बाई, आबाला कधी सांगायचं?"

"निवड होऊ दे. मग मी सांगते."

"तुमीच सांगा. मला न्हाय जमायचं."

शिट्टी झाली. पंधरा मिनिटं झाली असतील, एकेक गोल झाला होता, आणि माझ्या पिशवीतला फोन वाजला.

"बाई, मी धुळा. मी सात रस्त्याच्या चौकात हाय. लई गाड्या हायत हितं. परीक्षंची साळा कुटं हाय? दोन साळंत जाऊन आलो, दोन्हीला कुलूप. वाचमन म्हनला, आज कसली परीक्षा."

"तू का आलास?"

"आता! परीक्षंला बाप नगं व्हय? दहावीच्या टायमाला समदे बाप फाटकाभायेर बसत्यात की. आमची पयलीच परीक्षा. मेंढरं बायकोवर टाकून आलोय."

"तिथंच थांब. हलू नकोस. मी येते."

मारितला सांगितलं, धुळा आलाय, त्याला घेऊन येते. तिचा चेहरा उजळला. किती छान, ती म्हणाली.

रिक्षात बसले तेव्हा माझ्या मनात त्याला मैदानावर आणायचं नव्हतंच. त्याला परत कसं पाठवायचं एवढंच मी सात रस्त्यापर्यंत शोधत होते.

तो एका दुकानाच्या पायरीला खेटून उभा होता. खांद्यावर घोंगडं, हातात काठी, काखेत फडक्यात बांधलेल्या भाकरी. मोटरसायकली त्याला वळसा घालून चालल्या होत्या. मला बघून त्याचा जीव भांड्यात पडला.

"बिरोबाला जाऊन भंडारा आनलाय," त्यानं कमरेची पुरचुंडी दाखवली. "पेपर सुटला की कपाळाला लावतो. कवा सुटंल?"

"एक वाजेल. तू काही खाल्लंस का? चहा तरी घे."

"न्हाय. पोरगी पेपर देऊन भायेर आल्याबिगर पानी बी घ्यायाचं न्हाय, असं ठरवलंय."

मागच्या गल्लीत एक शाळा होती. फाटक उघडं होतं, आत कसला तरी कार्यक्रम असावा, दोन-चार मुलं दिसत होती. फाटकाबाहेर लिंबाची सावली होती. काय झालं मला माहीत नाही, माझे पाय तिकडे वळले आणि तो माझ्या मागून आला.

"ही व्हय?"

"हं. इथं बस. सुटली की मी तिला घेऊन येते."

"कंच्या खोलीत हाय?"

माझं बोट वर गेलं. "ती. वरची, कोपऱ्यातली."

त्यानं त्या खिडकीकडे बघितलं. मग पायातल्या वहाणा काढून बाजूला ठेवल्या, देवळाबाहेर काढतात तशा, आणि खिडकीकडे तोंड करून उकिडवा बसला.

मी रिक्षापर्यंत गेले. आत बसले. रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठं जायचं आजी?" एक वाजेपर्यंत तो तिथं बसणार होता, बिनपाण्याचा, एका रिकाम्या खिडकीकडे बघत. आणि मी त्याच्या मुलीला समजावणार होते की आबा विचारतील तेव्हा पेपर सोपा होता म्हणून सांग.

मी उतरले.

"धुळा, वहाणा घाल. मायाक्का इथं नाही."

तो उठला. "मंग?"

"खेळतेय. त्या गोऱ्या बाई शिकवतात तो फुटबॉल. परीक्षा नाहीच आहे. कधी नव्हतीच. मी खोटं बोलले."

त्याला कळायला वेळ लागला. तो अजून वरच्या खिडकीकडेच बघत होता.

"आन आत्ता ही खिडकी दावली ती?"

"तेही खोटं."

"पोरीला म्हाईत हाय?"

"हो. पिंकीलाही. मारितला नाही, तिला आपलं बोलणं कळत नाही."

"म्हंजे पोरीला बी तुमीच शिकवलंत," तो म्हणाला.

आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं. मी म्हणाले, "खेळ म्हटलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"म्हनलो असतो. मंग तुमी परत आला असता. मी परत न्हाय म्हनलो असतो. तुमी काय गप बसनाऱ्या हाय व्हय? भांडलो असतो की आपुन." त्यानं वहाणा घातल्या. "तुमी इचारलंच न्हाई. श्रीशैलचं रान सोडलं मी परीक्षंसाठी. चला. कुटं हाय ती?"

रिक्षात तो काठी दोन पायांच्या मधे धरून समोर बघत राहिला. त्यानं आता मुलीला हाताला धरून नेलं, तर थांबवायला माझ्याकडे एकही शब्द उरला नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा दुसरा हाफ सुरू होता. मी दाखवायच्या आधीच त्याला ती दिसली. गोलच्या मधोमध, जरा वाकून, दोन्ही हात अंगापासून लांब. तो कडेच्या चुन्याच्या रेषेशी थांबला. मागची जाळी त्यानं नीट बघितली.

आणि मायाक्कानं त्याला बघितलं.

ती ताठ झाली. हात खाली आले. त्याच वेळी समोरच्या संघाची मुलगी बॉल घेऊन पुढं आली आणि तिनं मारलेला बॉल मायाक्काच्या गुडघ्याजवळून सरळ जाळीत गेला. मायाक्कानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. समोरच्या मुली नाचायला लागल्या, पिंकी ओरडली, "माये! काय गं!" आणि मायाक्का गोल सोडून आमच्याकडे चालत यायला लागली.

पंचांनी शिट्टी मारली. ती चालतच राहिली. क्रीडाशाळेचे नंदीश सर टेबलामागून उठून बघत होते. मारित तिला हाका मारत होती. मी तिथं होते, पण मी कुणाला काय सांगणार होते?

ती रेषेपाशी आली. "आबा, मी... परीक्षा..."

"मागं कोन हाय?" धुळानं विचारलं.

ती गोंधळली. "कुटं?"

"तितं. त्या वाघरीशी. तुज्या जागंवर कोन हाय?"

तिनं मागं वळून पाहिलं. "कुनी न्हाय."

"वाघरीचं तोंड उघडं टाकून आलीस? मी आलोय म्हनून? लांडगा आला तर कळपाला काय सांगशील, माजा बाप आलता म्हनून?" त्यानं काठीनं गोलकडे दाखवलं. "ते संपू दे. आपलं बोलनं माघारी. जा."

ती गेली. आधी चालत, मग पळत.

पुढची दहा मिनिटं मला सगळी सलग आठवत नाहीत. उन्हात उभं राहून माझं डोकं गरगरत होतं, पण बसायचं धाडस होत नव्हतं. मायाक्काचा आवाज तेवढा आठवतो. आतापर्यंत ती गोलमध्ये मुकाट उभी राहायची. आता ती रानात ओरडते तशी ओरडायला लागली. "हुर्र! पिंके, डाव्या अंगाला एक सुटलीय! वळीव तिला! हितं मागं ये, मागं!" आणि सहाही पोरी कळपासारख्या तिच्या आवाजावर वळत होत्या. तिनं तीन बॉल अडवले. तिसरा पोटाशी घट्ट धरून ती मातीत लोळली. माझ्या बाजूला धुळाच्या घशातून एक बारीक आवाज आला, पण मी बघितलं तेव्हा त्याचा चेहरा होता तसाच होता.

आम्ही दोन विरुद्ध एक असे हरलो.

नंदीश सर पाणी पिऊन आले. त्यांच्या हातात दोन कागद होते. एक त्यांनी दुसऱ्या गावच्या मुलीच्या वडिलांना दिला. मग म्हणाले, "मंद्रूपची गोलकीपर. हिचे पालक आलेत का? आजच सही लागते. पालक नसतील तर मला पुढच्या मुलीचं नाव घ्यावं लागेल."

मारितनं मला सांगितलेलं तेच. मी बघते म्हणाले होते. धुळा त्या फाटकाशी एक वाजेपर्यंत बसून राहिला असता, तर हा कागद दुसरीच्या हातात गेला असता.

"बाप हाय मी," धुळा म्हणाला.

कागद मराठीत होता, दोन्ही बाजूंनी बारीक छापलेला. सवयीनं माझा हात पुढं झाला. चष्मासुद्धा मी डोळ्यांवर घेतला होता.

धुळानं कागद मला दिला नाही.

"पिंके," तो म्हणाला, "तू वाच."

पिंकीनं माझ्याकडे बघितलं. मी हात मागं घेतला. ती मातीत मांडी घालून बसली आणि बोट ठेवून वाचायला लागली. मुलीचं नाव, वय, वसतिगृह, सुट्ट्या किती, आजारी पडली तर काय. मायाक्का बापाच्या मागं उभी राहून ऐकत होती, गुडघ्यावरचं रक्त तसंच वाळत होतं. एका ठिकाणी पिंकी अडली. 'अभिरक्षक' की असलाच काहीतरी शब्द होता. तिनं पुन्हा माझ्याकडे मान वर केली.

"बाईंला इचारू नगं," धुळा म्हणाला. "अडलं तर अडू दे. परत वाच. न्हाय तर या सरांला इचार."

तिनं सरांना विचारलं. सरांनी सांगितलं. मारित माझ्या दंडाला धरून कुजबुजत होती, काय झालं, ते रागावलेत का? मी तिला म्हणाले, घरी गेल्यावर सांगते, सगळं सांगते.

पिंकीचं वाचून झाल्यावर धुळानं मायाक्काकडे वळून विचारलं, "जानार हाईस?"

"व्हय."

"ह्या बाई म्हनत्यात म्हनून?"

"न्हाय. मला जायाचंय."

"मेंढरं तुज्याबिगर चालत न्हाईत, ते म्हाईत हाय न्हवं?"

ती रडायला लागली, पण मान तिनं हो अशीच हलवली. "आई चालंल म्होरं. मी शिकिवते आईला."

धुळानं पेन मागितला. टेबलावर कागद पसरला, आणि एकेक अक्षर कोरून नाव लिहिलं. 'ध' हे अक्षर पहिल्यांदा उलट वळवून मग सरळ करायची त्याची खोड अजून तशीच होती. दुसरीत मी त्याचा हात धरून ती मोडायचा किती प्रयत्न केला होता.

मग त्यानं पुरचुंडी सोडली. मायाक्काच्या कपाळाला भंडारा लावला, पिंकीच्या, मारितच्या. मारितनं डोळे मिटून घेतले. मी जरा लांब उभी होते. तो माझ्यापर्यंत आला, बोटांना उरलेलं पिवळं होतं, पण त्यानं हात वर नेला नाही. काखेतलं फडकं सोडून एक भाकरी माझ्या हातात दिली.

"सुटली परीक्षा," तो म्हणाला. "खावा."

मायाक्का जूनमध्ये गेली. क्रीडाशाळेचा कागद दर दोन महिन्यांनी येतो, गुणांचा, तब्येतीचा. धुळाचा तळ अजून आमच्या बाजूला पडतो. त्याच्या मेंढ्या माझ्या घरावरूनच जातात, पुढं त्याची बायको असते. तो मला बघून काठी कपाळाला लावतो, "बरं हाय न्हवं बाई," म्हणतो, आणि कागद खिशात घेऊन पुढच्या आळीत पिंकीच्या घरी जातो.

बाकीचं गाव अजून माझ्या ओट्यावर येतं. परवाच एक बाई दवाखान्याचा कागद घेऊन आली होती. वाचून झाल्यावर मी तिला म्हणाले, अजून एकाकडून वाचून घे. ती हसली. तिला वाटलं, बाईंचे डोळे गेले.